स्केलथॉर्पची खुंटी

सॉल्टमच्या शायर हॉलमध्ये माणसं मोजत नसत, हॅट मोजत.

सभागृहाच्या दाराबाहेर एक लांब, अरुंद बोळ होता. त्याच्या एका भिंतीवर बेचाळीस खुंट्या आणि प्रत्येक खुंटीखाली चिनी मातीची पांढरी पाटी, तिच्यावर निळ्या अक्षरांत एकेका मतदारसंघाचं नाव. अठराशे एकोणनव्वद साली कौंटी कौन्सिल, म्हणजे जिल्ह्याचं मंडळ, इथे नवीन स्थापन झालं, तेव्हा शेतकरी सभासद हजेरीपुस्तकात सही ठोकून सरळ गुरांच्या बाजारात पळायचे. पहिल्या अध्यक्षानं नियम केला, की खुंटीवर हॅट असेल तर माणूस हजर. सही करून माणूस पळतो, हॅट टाकून पळत नाही. त्या दिवसापासून शिपायानं हॅट मोजायच्या, दारात उभं राहून आकडा पुकारायचा आणि सचिवांनी गणपूर्ती झाल्याची नोंद करायची. पुढे लोकांनी हॅट घालणं सोडलं तरी नियम सुटला नाही. कुणी वडिलांची जुनी हॅट पिशवीतून आणी, कुणी गोंड्याची लोकरी टोपी अडकवी. होल्बी गावची सभासद बाई डोक्याचा रुमाल लावायची, आणि एक तरुण सभासद मोटारसायकलचं शिरस्त्राण लटकवून ठेवायचा. ते चाले. रिकामी खुंटी मात्र चालत नसे.

सेसिल टेबटचा जन्म याच इमारतीतला, तळघराशेजारच्या शिपायाच्या दोन खोल्यांतला. त्याचा बाप एकोणीसशे अकरापासून इथे शिपाई होता. सेसिल आकडे शिकला ते खुंट्यांवर. बाप एकेका पाटीवर बोट ठेवी आणि पोरगं म्हणे, एक ऑल्डकर्क, दोन बार्डनी एंड, तीन ब्रॅमविक. सदतीसावी स्केलथॉर्प. बाप गेल्यावर किल्ल्यांचा जुडगा त्याच्याकडे आला. त्यानं लग्न केलं. बायको नोरा छातीच्या दुखण्यानं कौन्सिलच्याच इस्पितळात वारली. मूलबाळ झालं नाही. पूल कौन्सिलचे, शाळा कौन्सिलच्या, समुद्राला थोपवणारा वीस मैलांचा मातीचा बांध कौन्सिलचा, आणि टेबटही कौन्सिलचाच. आपण वेगळे कुठे सुरू होतो, असा प्रश्न त्याला फारसा पडला नाही.

एकदाच त्यानं स्वतःच्या डोक्यानं काम केलं होतं. अडतीस सालच्या नोव्हेंबरात एका शेतकऱ्याचा फोन आला, बांध फुटला म्हणून. टेबटनं कुणाला न विचारता रस्त्याच्या मुकादमाला फोन लावला. वीस माणसं आणि दोन लॉऱ्या भरून वाळूची पोती पावसात बारा मैल गेली, आणि पाहतात तो गुरांचं तळं भरून वाहत होतं. सचिवांनी त्याला लेखी समज दिली: शिपायाने निरोप लिहावा, निर्णय घेऊ नये. सभासदांनी त्याचं नाव ‘अ‍ॅडमिरल’ ठेवलं. “काय अ‍ॅडमिरल, भरती कशी आहे आज?” असं विचारत ते हॅट अडकवायचे. पंधरा वर्षं विचारत होते.

मग त्रेपन्न सालचा जानेवारी आला, शेवटचा शनिवार. हॉल बंद होता, बाहेर वारा नुसता घुसळत होता. संध्याकाळी पाच चाळीसला फोन वाजला. किनाऱ्यावर वरच्या अंगाला, नदीच्या चौकीवर असलेला माणूस ओरडून बोलत होता: “समुद्र बांधावरून येतोय. इथं आलाय. खालच्या गावांना सांगा.” बस्स, लाइन तुटली.

टेबटनं निरोपवही उघडली. वेळ लिहिली, निरोप शब्द न् शब्द लिहिला, टीपकागद दाबला. सचिवांच्या घरी फोन लावला. ते जेवायला बाहेर गेले होते. खालच्या अंगाला पहिलं गाव स्केलथॉर्प. तिथे गावात एकच फोन, तो सभासद अमोस ड्रिंगच्या घरात. ऑपरेटरला ‘स्केलथॉर्प चार’ एवढं म्हणायचं होतं. टेबटनं रिसीव्हर उचललाही. तेव्हा त्याच्या कानात कुणीतरी स्वच्छ म्हणालं, काय अ‍ॅडमिरल? त्यानं रिसीव्हर खाली ठेवला, आणि वही सचिवांच्या टेबलावर, सोमवारसाठी ठेवली.

पाणी स्केलथॉर्पला सात वाजून दहा मिनिटांनी पोचलं. नऊ माणसं गेली, त्यांत अमोस ड्रिंग. गाव पुन्हा बांधलं नाही. रविवारी सकाळी, कुणी यायच्या आत, टेबटनं ती वही उचलून आपल्या खोलीतल्या उभ्या घड्याळाच्या पोटात टाकली आणि कपाटातून नवी वही काढली. चौकशीत त्याला एकच प्रश्न विचारला गेला.

“निरोप आला होता का?”

“नाही, साहेब.”

एप्रिलमध्ये कौन्सिलनं अमोसच्या विधवेला, लेटिस ड्रिंगला, हॉलच्याच चहाघरात नोकरी दिली. मे महिन्यात त्रैमासिक सभा भरली. टेबट बोळातून हॅट मोजत आला. सदतीसाव्या खुंटीवर एक हॅट होती.

तपकिरी फेल्टची, रुंद काठाची. अमोस तसली घालायचा. पण तसली निम्मा जिल्हा घालायचा. ती ओली होती. काठावरून थेंब पडत होते आणि खाली फरशीवर बशीएवढं पाणी साचलं होतं. फितीखाली वाळू होती. त्याला ओहोटीनंतरच्या चिखलाचा वास आला. तो दारात गेला आणि मोजलेला आकडा पुकारला. सचिवांनी खुर्च्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “एक कमी कर, टेबट.” त्यानं केला. सभा संपल्यावर पाहिलं तर खुंटी रिकामी होती, आणि मिसेस ड्रिंग गुडघ्यांवर बसून मुकाट्यानं फरशी पुसत होती.

त्या दिवशी त्याला उमगलं. बाईला कळलंय. कसं ते देव जाणे, पण कळलंय, आणि ती तोंडानं बोलणार नाही. वर्षातून चार वेळा ती ही हॅट भिजवून इथे टांगणार.

ती टांगली जात राहिली. दोन वर्षांनी स्केलथॉर्पचा मतदारसंघ कागदावर होल्बीत विलीन झाला, सभासद एकेचाळीस राहिले. पाटी काढली तर भिंतीचा गिलावा पडेल म्हणून खुंटी तशीच राहिली. टेबट दर सभेला मोजायचा, मनात एक वजा करायचा आणि पुकारायचा. इतर दिवशी खुंटी कोरडी असे. सभेच्या दिवशी त्याच्या टेबलावर चहाबरोबर शहाजिऱ्याच्या केकचा जाड तुकडा असे. बाकी कुणाला पातळ मिळे. तो तुकडा त्याला गिळवत नसे. बाईनं मुद्दाम ठेवलाय, आपण खातो का ते पाहायला, असं त्याला वाटे. तो केक रुमालात गुंडाळून तळघरातल्या भट्टीत टाकी.

एकदा, साठ-एकसष्ट साल असेल, तो सकाळी नऊपासून बोळाच्या दाराआड उभा राहिला. तिला रंगेहाथ पकडायचं होतं. पकडून काय करायचं, हे ठरलं नव्हतं. साडेनऊला ती ट्रे घेऊन बोळातून गेली. पेल्यांची किणकिण लांब गेल्यावर तो बाहेर आला. सदतीसाव्या खुंटीवर हॅट थेंब गाळत होती. ट्रे तर दोन्ही हातांनी धरलेला होता, हे त्याच्या रात्री अंथरुणात लक्षात आलं. पण तेव्हा त्यानं ते फार वेळ लक्षात राहू दिलं नाही.

अशी एकवीस वर्षं गेली.

मग लंडनहून कायदा आला. सॉल्टम कौंटी लहान पडते. शेजारच्या दोन कौंट्यांबरोबर मिळून एक मोठी होणार, तिचं ठाणं सत्तर मैलांवर. चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून सॉल्टम कौंटी कौन्सिल नाही. जानेवारीपासून गाड्या येऊ लागल्या. त्यांच्या पाठीवर नव्या कौंटीचं नाव आधीच रंगवलं होतं. नकाशे गेले, शाळांची कागदपत्रं गेली, बांधाचे आराखडे गेले. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिके चौकोन उरले. गाडीवाल्यांच्या यादीत टेबटच्या खोलीतलं उभं घड्याळही होतं. ते मार्चच्या शेवटच्या गुरुवारी, शेवटची सभा आटोपली की, दुपारी न्यायचं होतं.

त्या गुरुवारी सकाळी समुद्रावरून धुकं आलं. दहा वाजले तरी खिडक्या पांढऱ्या होत्या. समोरचं चर्च नव्हतं, बसथांबा नव्हता. सभासद एकेक करून धुक्यातून निघत, पायऱ्यांवर आल्यावर त्यांना चेहरा फुटे. टेबटनं घड्याळाच्या पोटातून वही काढली आणि कोटाच्या आत दाबून धरली. तळघरात भट्टी पेटवलेली होती. तळघराचा जिना बोळाच्या पलीकडच्या टोकाला होता.

सदतीसाव्या खुंटीखाली मिसेस ड्रिंग फरशी पुसत होती. वर हॅट होती. आज पाणी जास्त होतं. बोळभर लांब ओघळ गेला होता.

“पाय उचलून चाल,” ती म्हणाली. “घसरून पडलास तर निवृत्तीचं घड्याळ इस्पितळात आणून द्यावं लागेल त्यांना.”

“घड्याळ देत नाहीयेत. असलेलं नेतायत.”

“तसेच आहेत मेले.” तिनं फडकं पिळलं. पासष्टीची बाई, पण मनगटं अजून जाड होती. “मी उद्याच्या बसनं ग्रिम्सबीला बहिणीकडे चाललेय. परत काही यायची नाही.” ती उठली, पाठ सरळ केली, एकदा हॅटकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “एकवीस वर्षं झाली, टेबट. आज शेवटचा दिवस. आता तरी तोंड उघडशील की नाही?”

वही त्याच्या बरगड्यांना टोचत होती. जिना दहा पावलांवर होता.

“तुम्हाला ठाऊकच आहे सगळं,” तो म्हणाला. “मग माझ्या तोंडून कशाला?”

“ठाऊक असलं तरी माणसानं एकदा बोलावं. मीसुद्धा कधी बोलले नाही, ती माझी चूक.”

त्यानं कोटातून वही काढली. खुणेची फीत तिथेच होती. पान उघडून त्यानं तिच्यापुढे धरलं. तिनं ओले हात अ‍ॅप्रनला पुसले, चष्मा लावला आणि वाचायला लागली. ओठ हलत होते. वाचून झालं तरी हलत राहिले.

“हे काय आहे?” ती म्हणाली.

टेबटनं पानावरच्या वेळेवर बोट ठेवलं.

“हे काय आहे, टेबट? पाच चाळीस?”

“निरोप. मी लिहून ठेवला. फोन केला नाही. चौकशीत म्हणालो, आला नाही.” आता थांबता येईना. “तुम्हाला कळलंच होतं ना. त्रेपन्नच्या मेपासून. म्हणून तर तुम्ही ही इथं टांगता.”

“मी?” ती म्हणाली.

दोघंही एकदम खुंटीकडे वळली नाहीत. आधी एकमेकांकडे बघत राहिली.

“मी टांगत नाही,” मिसेस ड्रिंग हळू म्हणाली. “तू टांगतोस. मला वाटत होतं, हा एकटाच माणूस माझ्या अमोसचा मान ठेवतो. सगळे विसरले, पण हा सभेला त्याची हॅट लावतो. मला सांगायला लाजतो, म्हणून लपूनछपून लावतो. एकदा तू दाराआड उभा होतास, मी पाहिलं होतं तुला. तुझे बूट दिसत होते. मी मुद्दाम न बघितल्यासारखं करून गेले, आणि परत आले तर हॅट होती. म्हणून मी तुला केकचा मोठा तुकडा ठेवायची. दुसरं काय देणार?”

बोळाच्या टोकाला कुणीतरी खोकलं, सभागृहाचं दार उघडून मिटलं. हॅटच्या काठावर एक थेंब जमा झाला, लांबला, पडला. तो मगाशीच पुसलेल्या जागी पडला.

“पाच चाळीस,” ती पुन्हा म्हणाली. “आणि पाणी सात-दहाला.”

“हो.”

“अमोसला बूट चढवायलाच अर्धा तास लागायचा. तरी एक तास उरतो.” तिनं चष्मा काढला. तिचा आवाज चढला नाही; चढला असता तर बरं झालं असतं. “मी त्या दिवशी बाजाराला इथं आले होते. निघताना त्याला म्हणाले, मी येईपर्यंत घर सोडू नकोस, कोंबड्या कोंडायच्यात. त्यानं सोडलं नाही. मला वाटलं, त्याला पाणी दिसलं असेल आणि तरी माझ्या कोंबड्यांसाठी थांबला असेल. एकवीस वर्षं मी अंडं खाल्लं नाही, टेबट. एकवीस वर्षं.”

क्षमेचा शब्द त्याच्या तोंडात तयार होता, पण तो निरोपासारखा होता: लिहिलेला, वाळवलेला, उशिरा आलेला.

सभागृहात घंटी वाजली.

“जा,” ती म्हणाली. “मोज जा. आज तरी नीट मोज.”

तो खुंट्यांच्या बाजूनं चालत गेला. एक ऑल्डकर्क, दोन बार्डनी एंड, तीन ब्रॅमविक, मधल्या तीन रिकाम्या सोडत, रुमाल, शिरस्त्राण, गोंड्याची टोपी. सदतीसावीपाशी तो अडखळला नाही. दारात उभा राहिला.

“एकोणचाळीस हॅट, साहेब.”

सचिव हॅस्लॉप यांनी मान वर केली. तरुण माणूस, नव्या कौंटीत त्यांची नेमणूक झाली होती. “अडतीस, टेबट. मी बघतोय ना.”

“एकोणचाळीस. स्केलथॉर्प धरून.”

“अ‍ॅडमिरल,” मागच्या बाकावरून एक म्हातारा सभासद हसत म्हणाला, “स्केलथॉर्पात आता मासेच राहतात. त्यांना मताधिकार कधी दिला?”

दोघेतिघे हसले. टेबट आत चालत गेला. त्रेसष्ट वर्षांत बापानं आणि त्यानं मिळून दारातली चटई कधी ओलांडली नव्हती. त्यानं उघडी वही हॅस्लॉपपुढे ठेवली आणि दाराशी परत येऊन उभा राहिला. हॅस्लॉपनी मनात वाचलं. मग अध्यक्षांनी, कर्नल बाउचरनी, मान हलवली तेव्हा मोठ्यानं वाचलं: तारीख, वेळ, निरोप, खाली सही. हसणारा म्हातारा टेबलाकडे बघत राहिला. धुकं काचांना चिकटून होतं. दिवे लावलेले असूनही सगळ्यांचे चेहरे पाण्याखालचे वाटत होते.

“हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही,” कर्नल अखेर म्हणाले.

“नाही, साहेब,” हॅस्लॉप म्हणाले. “नियमाप्रमाणे पुढच्या सभेत घेता येईल.”

बोलल्यावर त्यांना कळलं. सगळ्यांनाच कळलं. पुढची सभा नव्हती. ज्याच्यापुढे हे मांडायचं, ते रविवारी मध्यरात्री संपणार होतं. आणि नंतर जे सुरू होणार होतं, त्याला स्केलथॉर्प कुठे होतं हेही ठाऊक नव्हतं.

“नोंद करा,” कर्नल म्हणाले.

“कशाची, साहेब?”

“हजेरीची,” कर्नल म्हणाले. “एकोणचाळीस.”

हॅस्लॉपनी लिहिलं. पेनचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. पुढचे ठराव अर्ध्या तासात झाले: आभार, दप्तर सोपवणं, शेवटचा ठराव म्हणजे ही सभा आता विसर्जित व्हावी. हात वर झाले, हात खाली आले. कौन्सिल संपलं, इतकंच.

सभासद बोळात आले आणि आपापली हॅट काढू लागले. नेहमीसारखी थट्टा झाली नाही. कुणी सदतीसाव्या खुंटीकडे पाहिलं नाही. पण तिच्यासमोरून जाताना प्रत्येक जण भिंतीपासून थोडा लांबून गेला. खुंट्या रिकाम्या होत गेल्या. शेवटी एकच हॅट उरली. एकवीस वर्षांत सभेनंतर ती पहिल्यांदाच जागेवर होती.

मिसेस ड्रिंग कोट घालून, पिशवी घेऊन उभी होती. तिनं हात वर करून हॅट काढली. सहज निघाली, कुठल्याही हॅटसारखी. ती जड असावी, कारण तिचं मनगट खाली गेलं. तिनं ती काठाला धरून थोडी झटकली. थेंब टेबटच्या तोंडावर उडाले. खारट होते.

“मिसेस ड्रिंग,” तो म्हणाला.

“नको,” ती म्हणाली. “आज नको. पुढचं मला ठाऊक नाही.”

ती पायऱ्या उतरली. धुक्यानं आधी तिची पिशवी घेतली, मग तिला. हॅटमधून गळणाऱ्या पाण्याची रेघ पायऱ्यांवर बराच वेळ दिसत होती.

दुपारी गाडीवाल्यांनी घड्याळ नेलं. वही इतर दप्तराबरोबर पेटीत गेली, पेटीवर क्रमांक पडला. टेबटला गावाच्या कडेला एक खोली मिळाली. तो वाट पाहत होता. पोलीस येतील, चौकशी होईल, निदान वर्तमानपत्राचा माणूस येईल. त्यानं उत्तरंही तयार ठेवली होती, खरी उत्तरं. एप्रिल गेला, मे गेला. त्यानं नव्या कौंटीला स्वतः पत्र लिहिलं. जूनमध्ये छापील उत्तर आलं: आपण उल्लेखिलेली बाब पूर्वीच्या प्राधिकरणाच्या कारकीर्दीतील असल्याने या कार्यालयास त्याविषयी काही करता येत नाही. त्यानं ते दोनदा वाचलं. मग त्याला वाटलं, आपल्याला शिक्षा करू शकेल असं जगात आता काही उरलेलंच नाही. घरात ऊन असूनही त्याला थंडी वाजली.

खोलीच्या दारामागे एकच खुंटी होती. टेबट आपली टोपी तिच्यावर कधी ठेवत नसे, खुर्चीवर ठेवी. मेमध्ये, ज्या गुरुवारी सभा भरली असती त्या दिवशी, तो सकाळी नऊपासून दुपारपर्यंत खुंटीसमोर बसून होता. ती कोरडी राहिली. ऑगस्टमध्येही बसला. तेव्हाही कोरडी राहिली.

ऑगस्टच्या अखेरीला ग्रिम्सबीहून पोस्टकार्ड आलं. वर बंदराचं चित्र होतं. मागे शिसपेन्सिलीनं तीन ओळी होत्या, घाई न करता लिहिलेल्या:

‘हॅट चुलीवर धरून पाहिली, उन्हात ठेवून पाहिली. अजून वाळत नाही.

मी अंडी खायला लागले आहे.

एल. ड्रिंग.’